पिन जुळली, दाब जुळला का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशी निघालेल्या माणसाची बॅग भरताना आपल्याकडे दोन याद्या होतात. एक आईची. तिच्यात लोणचे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पुरणपोळीचे डबे. दुसरी यादी जाणाऱ्याची. तिच्यात मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, या सगळ्यांचे चार्जर, एक पॉवर बँक, आणि बाजारातून आणलेला एक चौकोनी ठोकळा, ज्याला दुकानदार ‘इंटरनॅशनल अडॅप्टर’ म्हणतो. परभणी जिल्ह्यातल्या घरांनाही ही दुसरी यादी आता नवी राहिलेली नाही. कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जाणारी मुले आहेत. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांमार्फत अमेरिकेला जाणारे अभियंते आहेत. आखातात कामाला जाणारे कारागीर आहेत, हजला जाणारे यात्रेकरू आहेत आणि नातवंडांसाठी सहा महिने परदेशी राहायला जाणारे आजी-आजोबाही आहेत.

पहिल्या यादीत चूक झाली तर फार तर लोणच्याचे तेल कपड्यांना लागते. दुसऱ्या यादीत चूक झाली तर इस्त्री जळते, खोलीत धूर होतो, किंवा रात्री-अपरात्री लागणारे नेब्युलायझरचे यंत्र नेमके गरजेच्या वेळी गप्प बसते. म्हणून या ठोकळ्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे. तो ठोकळा लागतो तरी कशासाठी? सूर्य एक, चंद्र एक, विजेचे शास्त्रही एकच. मग भिंतीतली भोके देशोदेशी वेगळी का? आज जगात प्लग आणि सॉकेटचे १५ प्रकार मोजले जातात. इंग्रजी वर्णमालेतल्या ‘ए’पासून ‘ओ’पर्यंतची अक्षरे त्यांना दिलेली आहेत. हा घोळ कुणी ठरवून घातलेला नाही. तो इतिहासाने घातला आहे, आणि त्या इतिहासाची गोष्ट आपल्याला समजायला सोपी आहे. कारण तसाच एक घोळ आपण मराठवाड्याच्या माणसांनी नव्वद वर्षे सोसला आहे.

मनमाडची गाडीबदल

विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्यातून रेल्वे आली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करीत ती हैदराबादकडे जात असे. पण ही गाडी मीटरगेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर. मनमाडहून मुंबईला जाणारी गाडी ब्रॉडगेजची. परभणीचा माणूस मुंबईला निघाला की मनमाडला उतरणे आलेच. वळकटी, ट्रंक, पोरेबाळे घेऊन फलाट बदलायचा आणि दुसऱ्या गाडीत जागा धरायची. १९९०च्या दशकात हा मार्ग रुंद झाला तेव्हा कुठे ही यातायात संपली.

दोन वेगळे गेज का? तर दोन वेगळ्या कंपन्यांनी आणि दोन वेगळ्या सरकारांनी, आपापल्या खर्चाचा विचार करून, वेगवेगळ्या वेळी रूळ टाकले म्हणून. पुढे दोन्ही वाटा मनमाडला भेटणार आहेत, हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण एकदा रूळ पडले की ते उखडणे परवडत नाही. विजेचे अगदी असेच झाले.

मात्र एक फरक नीट ध्यानात ठेवावा. मनमाडला गेज जुळत नसे हे डोळ्यांना दिसे. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळावर चढतच नसे. विजेत मात्र पन्नास-शंभर रुपयांचा ठोकळा घेतला की भोक जुळते आणि गाडी पुढे निघाली असे वाटते. खाली रूळ बदललेला असतो तो दिसत नाही. सगळा धोका या न दिसण्यात आहे.

एडिसनचे ११० आणि बर्लिनचे २२०

१८८२ साली थॉमस एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले. त्याचा माल एकच, दिवा. कोळशाच्या तंतूचा तो दिवा शंभर व्होल्टच्या आसपास चांगला टिकत असे. तारांमधून जाताना थोडा दाब पडतो, तो धरून एडिसनने वीजघरातून ११० व्होल्ट सोडले. पुढे एकदिश प्रवाह मागे पडला. वेस्टिंगहाउस आणि टेस्ला यांचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे आपण ज्याला एसी म्हणतो तो, जिंकला. सेकंदाला ६० आवर्तने ठरली. पण घराघरात बसलेले दिवे ११०चे होते, म्हणून दाब तोच राहिला. आज तो १२० व्होल्ट म्हणून मोजला जातो. म्हणजे आज अमेरिकेतल्या मुलाच्या खोलीत येणारा दाब एडिसनच्या कोळशाच्या तंतूने ठरवलेला आहे.

जर्मनीत वेगळा हिशेब झाला. एकोणिसावे शतक संपता संपता बर्लिनच्या वीज कंपनीने दाब दुप्पट करून २२० व्होल्ट केला. हिशेब साधा होता. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो, आणि प्रवाह निम्मा झाला की तारेत वाया जाणारी वीज चौथाईवर येते. तांबे तेवढेच, ग्राहक मात्र जास्त. आवर्तने तिथे ५० धरली गेली. हा २२० व्होल्ट आणि ५० आवर्तनांचा मेळ युरोपात पसरला. ब्रिटनमध्ये तो २४०च्या घरात होता. पुढे दोघांनी मिळून मधला २३० हा आकडा कागदावर मान्य केला. आपल्याकडेही घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० आहे.

सगळ्यांत बोलके उदाहरण जपानचे. तिथे टोकियोने यंत्रे आणली जर्मनीहून, ५० आवर्तनांची. ओसाकाने आणली अमेरिकेहून, ६० आवर्तनांची. दोन्ही खरेदी १८९०च्या दशकातली. त्या दोन खरेद्यांनी देशाचे दोन भाग केले आणि ते आजही तसेच आहेत. २०११ साली फुकुशिमाच्या अपघातानंतर पूर्व जपानात विजेचा दुष्काळ पडला तेव्हा पश्चिम जपानात वीज असूनही ती हवी तेवढी पूर्वेला देता आली नाही. कारण ६०ची वीज ५०ची करणारी केंद्रे मोजकीच होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची एक खरेदी संकटाच्या दिवशी अशी आडवी आली.

आपण या बाबतीत सुदैवी. जिंतूर तालुक्यातल्या येलदरीच्या धरणावरचे छोटे जलविद्युत केंद्र असो, शेजारच्या परळीचे औष्णिक केंद्र असो की दक्षिणेतले एखादे वीजघर, सगळी ५० आवर्तनांवर चालतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची वीज उर्वरित देशाशी जोडली गेली. तेव्हापासून अख्खा भारत एकाच ठेक्यावर चालतो.

आपली गोल पिन कुठली?

आता दाबाकडून पिनेकडे वळू. सुरुवातीला घरात वीज आली ती केवळ दिव्यासाठी. भिंतीत सॉकेट नव्हतेच. पंखा किंवा इस्त्री लावायची तर बल्ब काढून होल्डरलाच वायर जोडायची. आपल्याकडेही बल्बच्या होल्डरमध्ये बसणारी पिन पुष्कळ वर्षे वापरात होती. जुन्या लोकांना ती आठवत असेल. अमेरिकेत हार्वी हबेल नावाच्या कारखानदाराने या अडचणीवर उपाय काढला आणि १९०४ साली त्याचे एकस्व मिळवले. अमेरिकेत आज दिसतात त्या दोन चपट्या पात्यांच्या पिना त्याच्या पुढच्या सुधारणांतून आल्या. जर्मनीत १९२०च्या दशकात गोल पिनांचा आणि कडेला अर्थिंगच्या पट्ट्या असलेला ‘शुको’ प्लग निघाला. इटलीने आपला वेगळा केला, स्वित्झर्लंडने आपला, ऑस्ट्रेलियाने तिरप्या पात्यांचा. त्या काळी इस्त्री घेऊन परदेशी कोण जाणार होते? प्रत्येकाने आपल्या घरापुरते पाहिले.

ब्रिटनमध्ये तीन गोल पिनांचा प्लग होता. १९३४ साली त्याचे मानक प्रसिद्ध झाले, ब्रिटिश मानक ५४६. साम्राज्याबरोबर तो आपल्याकडे आला. आपल्या घरातली छोटी पिन आणि मोठी पिन, म्हणजे वायरमनच्या भाषेत लाइटचा पॉइंट आणि पॉवरचा पॉइंट, ही दोन्ही त्याच घराण्यातली.

पण गंमत पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची लाखो घरे पडली. ती नव्याने बांधायची तर तांब्याची टंचाई. तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी घरभर एकच वर्तुळाकार वायर फिरवायची, आणि प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतंत्र फ्यूज बसवायचा अशी नवी पद्धत काढली. त्यासाठी तीन चौकोनी पिनांचा नवा प्लग केला. त्याचे मानक, ब्रिटिश मानक १३६३, प्रसिद्ध झाले १९४७ साली. म्हणजे ज्या वर्षी इंग्रज इथून गेले त्याच वर्षी त्यांनी आपली गोल पिन सोडायला घेतली. आपण मात्र ती ठेवली. आपली घरे पडली नव्हती, मग चालू असलेले बोर्ड बदलायचे कशाला? आज लंडनमध्ये आपला प्लग बसत नाही तो यामुळे. दाब दोन्हीकडे सारखा, फक्त भोक वेगळे. दुबई, सिंगापूर, मलेशिया इथेही ब्रिटनची चौकोनी पिन गेली, म्हणून आखातात जाणाऱ्या आपल्या माणसाला तीच लागते.

मग जगाने एकत्र बसून एक प्लग का ठरवला नाही? प्रयत्न झाले. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग १९०६ साली लंडनमध्ये स्थापन झाला. विख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष. १९३०च्या दशकात या आयोगात जागतिक प्लगची चर्चा सुरू झाली, ती युद्धात बुडाली. १९८६ साली एकदाचे मानक निघाले. पण तोवर जगात कोट्यवधी घरांच्या भिंतींत कोट्यवधी सॉकेट बसली होती. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनीच ते मानक आपलेसे केले. त्यातही ब्राझीलचा प्रकार ऐकण्यासारखा आहे. तिथे काही शहरांत १२७ व्होल्ट, काही शहरांत २२० व्होल्ट, आणि दोन्हीकडे भोक एकच! भोक एक झाले म्हणजे वीज एक झाली असे नाही, याचा याहून मोठा पुरावा नको.

बटवा बदलला, नाणे बदलले का?

परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्याचे नाणे होते हाली सिक्का. ब्रिटिश मुलखातला रुपया तो कलदार. दोन्ही रुपयेच, पण किंमत वेगळी. ठोकळ हिशेबाने सात हाली म्हणजे सहा कलदार. हद्दीपलीकडे बाजाराला जाणाऱ्या माणसाला सराफाकडे नाणे बदलून घ्यावे लागे. नुसता बटवा बदलून भागत नसे.

अडॅप्टर म्हणजे बटवा. ट्रान्सफॉर्मर म्हणजे सराफ. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. आत धातूच्या पट्ट्यांपलीकडे काही नसते. भिंतीतून जो दाब येतो तोच तो तुमच्या यंत्राला देतो. दाब कमी-जास्त करायचे काम ट्रान्सफॉर्मरचे किंवा कन्व्हर्टरचे. तो जड असतो, महाग असतो आणि ठोकळ्यासारखा खिशात मावत नाही.

दाब जुळला नाही तर काय होते? तार तापवणाऱ्या यंत्रांचा नियम असा, की दाब दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. अमेरिकेत घेतलेली १२० व्होल्टची, १००० वॉटची इस्त्री परभणीत २३० व्होल्टवर लावली तर ती साडेतीन हजार वॉटहून अधिक वीज ओढते. काही क्षणांत तिची तार जळते, वायर वितळते, आणि जवळ पडदा असेल तर आग लागते. उलट आपली १००० वॉटची इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड अमेरिकेत लावला तर तो पाऊणशेरही नाही, जेमतेम पावशेर काम करतो. २७० वॉटच्या आसपास. इस्त्री कोमट होते, पाणी तापतच नाही. जपानमध्ये दाब १०० व्होल्ट, तिथे याहूनही कमी. जपानचे भोक तर अमेरिकेसारखेच दिसते!

आपल्या बायाबापड्यांनी अमेरिकेला आवर्जून नेलेला मिक्सर तिथे रडतखडत फिरतो तो याच कारणाने. आपल्याच कंपन्या अमेरिकेतल्या घरांसाठी ११० व्होल्टचे मिक्सर मुद्दाम बनवतात; न्यायचाच असेल तर तसा न्यावा. नेब्युलायझरचे तर अधिकच जपायला हवे. दम्याच्या रुग्णाचे घरी वापरायचे अनेक नेब्युलायझर २३० व्होल्ट आणि ५० आवर्तने एवढ्यासाठीच बनवलेले असतात. अमेरिकेत अडॅप्टर लावून ते सुरू केले तर आवाज येईल, पण औषधाचे तुषार पुरेसे निघणार नाहीत. रात्री दोन वाजता हे कळण्यापेक्षा निघण्याआधी कळलेले बरे.

वारंवारतेचा फरक बहुतेक वस्तूंना जाणवत नाही. पण विजेच्या ठेक्यावर चालणारे जुने घड्याळ ५०चे असेल आणि ६०वर लावले तर ते तासाला १२ मिनिटे पुढे जाते. सौदी अरेबियात आज दाब २३० व्होल्टकडे आणलेला आहे, मात्र आवर्तने ६० आहेत. पूर्वी तिथे घरोघर १२७ आणि २२० असे दोन्ही दाब असत. जुन्या इमारतीत उतरलेल्या यात्रेकरूने आजही सॉकेटवरचा आकडा विचारून घ्यावा.

चार्जर शहाणा कसा झाला?

आता तुम्ही म्हणाल, आमचा मुलगा तर तोच मोबाइलचा चार्जर परभणीत वापरतो, न्यूयॉर्कमध्ये वापरतो आणि टोकियोतही वापरतो. त्याला काही होत नाही. बरोबर आहे. त्यामागे गेल्या काही दशकांतले एक शांतपणे झालेले परिवर्तन आहे.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागे एक चकती असे. तिच्यावर ११०, १२७, २२० असे आकडे. तुमच्या गावचा दाब पाहून ती फिरवायची. म्हणजे शहाणपण माणसाने ठेवायचे, यंत्राने नव्हे. पुढे टेबलावरचे संगणक आले. त्यांच्या मागे लाल रंगाचा एक छोटा खटका, एका बाजूला ११५, दुसऱ्या बाजूला २३०. अमेरिकेहून आणलेला संगणक खटका न बदलता इथे लावला की आवाज होऊन धूर निघाला म्हणून समजा.

त्यानंतर आले ते स्विचिंग पद्धतीचे चार्जर. यात येणारी वीज आधी एकदिश केली जाते. मग एक इलेक्ट्रॉनिक खटका सेकंदाला हजारो वेळा ती चालू-बंद करतो. बाहेर किती दाब पोहोचला हे आतले मंडल सतत पाहते आणि खटक्याचा वेग किंवा वेळ कमी-जास्त करते. समोरून १०० व्होल्ट येवोत की २४०, बाहेर हवे तेवढेच निघतात. यामुळे तो जड लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर गेला, चार्जर हलका झाला आणि जगभर चालू लागला.

आपल्या भागाने याची परीक्षा फार आधी घेतली. २००५च्या आसपासचे भारनियमनाचे दिवस आठवा. गावात वीज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नसे. आली तरी दाब इतका पडलेला, की ट्यूबलाइट नुसती लुकलुकायची. टीव्हीला स्टॅबिलायझर लागायचा. पण मोबाइल तेवढ्या दाबावरही भरायचा. लोक तालुक्याच्या दुकानात दोन-पाच रुपये देऊन मोबाइल भरून नेत, आणि दहा-बारा चार्जर एकाच बोर्डावर लटकलेले असत. जपान-अमेरिकेसाठी केलेली सोय मराठवाड्यातल्या कमी दाबाला अशी कामी आली.

चार्जर शहाणा आहे की नाही हे ओळखायचे कसे? त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ असा शब्द असतो. त्यापुढे १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल तर तो कोणत्याही देशात चालेल. फक्त पिनेचा आकार बदलायला अडॅप्टर घ्या. तिथे नुसते २२०-२४० किंवा २३० लिहिले असेल तर ती वस्तू अमेरिका, कॅनडा, जपान इथे नेऊ नका. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुधा पहिल्या प्रकारचे. इस्त्री, केस वाळवायचे यंत्र, रॉड, किटली, मिक्सर ही बहुधा दुसऱ्या प्रकारची.

आता तर यंत्रे एकमेकांशी बोलूही लागली आहेत. यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ सालचा, ५ व्होल्टचा. आज यूएसबी-सी जोडणीत मोबाइल चार्जरला विचारतो, तुझ्याजवळ किती व्होल्ट आहेत? चार्जर उत्तर देतो, आणि दोघांचे ठरल्यावरच दाब वाढतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या मोबाइलना ही जोडणी सक्तीची केली आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवून दिली. भिंतीतल्या भोकांचे जे शंभर वर्षांत जमले नाही ते मोबाइलच्या भोकाचे जमले. कारण मोबाइल दोन-चार वर्षांत बदलतो. भिंत बदलत नाही.

पिशवीतली वीज

पॉवर बँकेचे प्रकरण वेगळे. इथे भिंत नाही, पिन नाही. आपण वीजच पिशवीत घालून निघतो. आत असते लिथियम-आयन बॅटरी. ती १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या जनकांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लहान जागेत भरपूर वीज साठवणे हा तिचा गुण, आणि तोच तिचा धोका. ती दबली, ठेचली, आत दोन टोके एकमेकांना लागली तर ती स्वतःच तापत जाते आणि पेट घेते. जानेवारी २०२५मध्ये दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे उभे असलेले विमान आगीत जळाले. प्रवासी बाहेर पडले म्हणून वाचले. तपासात संशय गेला तो वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर.

म्हणून नियम असा, की पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या विमानात तळाच्या सामानात द्यायच्या नाहीत. हातातल्या पिशवीतच ठेवायच्या. लोकांना हे उलट वाटते. धोक्याची वस्तू माणसांपासून दूर ठेवू नये का? पण तळघरात आग लागली तर कुणाला कळणार नाही. हाताशी असली तर धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी ती विझवू शकतात.

मर्यादा १०० वॉट-तासांची. पॉवर बँकेवर मात्र आकडा मिलिअँपिअर-तासांत असतो. त्याला ३.७ने गुणून हजाराने भागा. २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ७४ वॉट-तास; चालेल. २७,००० म्हणजे जवळजवळ १००; ती हद्द. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे बंदी. २०२५च्या आगीनंतर बऱ्याच विमान कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरण्यावरही निर्बंध घातले, म्हणून तिकिटाबरोबर त्या कंपनीचा नियम वाचून ठेवावा. फुगलेली, पडलेली, आकडे पुसलेली पॉवर बँक घरीच ठेवावी.

निघण्यापूर्वी

शेवटी चार गोष्टी. ज्या देशात जाणार तिथला दाब आणि पिन आधी माहीत करून घ्या. प्रत्येक यंत्राची पाठ वाचा. अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठे करून पाहा. अडॅप्टर घेताना फ्यूज असलेला, पिना न हलणारा घ्या. आपली जाड पिन युरोपच्या सॉकेटमध्ये जोर करून घालू नका. आणि तिकडची बारीक पिन आपल्या भोकात सैल बसली तर ठिणग्या उडतात, हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडचा एक्स्टेंशन बोर्ड सोबत नेऊन एकाच अडॅप्टरवर चार-पाच चार्जर लावण्याची युक्ती पुष्कळजण करतात. चार्जरपुरती ती ठीक, पण त्यावर इस्त्री किंवा किटली लावू नये. अमेरिकेत दाब निम्मा असल्याने तेवढ्याच वॉटला प्रवाह दुप्पट लागतो. आपल्या सहा अँपिअरच्या बोर्डावर १००० वॉटचे यंत्र तिथे आठ अँपिअरहून जास्त ओढते आणि वायर तापते. हॉटेलच्या न्हाणीघरात ‘फक्त शेव्हरसाठी’ असे लिहिलेले सॉकेट असते. ते खरोखरच तेवढ्यासाठी असते.

आणि ती तिसरी जाड पिन. इथे भोक बसत नाही म्हणून ती मोडायची, किंवा अर्थिंगच्या भोकात काडी घालून दोन पिना बसवायच्या, ही आपली जुनी खोड आहे. ती पिन लांब असते कारण ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर ती माणसाऐवजी जमिनीत जावी यासाठी ती आहे. परदेशातही तीन पिनांच्या यंत्राला तीन पिनांचाच, अर्थिंग जोडणारा अडॅप्टर घ्यावा. दोन पिनांचा स्वस्त ठोकळा तिसरी पिन पोटात घेतो खरा, पण पुढे ती कुठेच जोडत नाही.

तेव्हा दुकानदाराने ठोकळा पुढे करून ‘हा सगळ्या देशांत चालतो’ असे सांगितले, तर त्याला एवढेच विचारा : चालते ते काय, पिन की दाब?